नायटा हटत का नाही? दिल्ली, जपान, जर्मनी, न्यूयॉर्क आणि आपली वस्ती

"मलम लावलं, आठ दिवसांत गेला. पंधरा दिवसांनी परत आला, आणि आता दुप्पट." पावसाळा सुरू झाला की आरोग्य पानाकडे येणाऱ्या प्रश्नांत हे वाक्य हटकून असतं. कुणी त्याला नायटा म्हणतं, कुणी गजकर्ण, शेजारचे हिंदी बोलणारे दाद म्हणतात. जांघेत, काखेत, छातीखाली, परकराची नाडी जिथे बांधतात तिथे कमरेभोवती. विचारणारा बहुतेक वेळा आवाज खाली आणून विचारतो. बायका तर तेवढंही विचारत नाहीत. जागा दाखवता येत नाही म्हणून वर्षानुवर्षं खाजवत राहतात आणि घरात जी ट्यूब असेल ती लावतात.

खरं सांगायचं तर आमच्याही घरात हेच घडलं. आमच्यातल्या एकाच्या कमरेवर रुपयाएवढा चट्टा उठला. नाक्यावरच्या मेडिकलमध्ये सदरा वर करून दाखवला. काउंटरवरच्या मुलाने काही न विचारता एक ट्यूब पुढे केली. चार दिवसांत खाज बंद. ट्यूब कपाटावर गेली. पुढे घरात ज्याला ज्याला खाज आली, त्याने त्याने तीच ट्यूब वापरली. संपली की तसलीच दुसरी आणली. वर्षभराने घरातली पाच माणसं खाजवत होती आणि धाकट्या मुलीच्या मांडीच्या आतल्या बाजूला, गरोदर बाईच्या पोटावर उठतात तशा, लांब चिरा उठल्या होत्या. त्या चिरा आजही आहेत. फिक्या होतील, पण पूर्ण जाणार नाहीत, असं त्वचेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

तोवर आम्ही स्वतःलाच दोष देत होतो. घर लहान, माणसं जास्त, पाणी कमी, म्हणून होतं. पाहुणेही तसंच सुचवून जायचे. मग डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, की या नायट्याने फक्त तुमचं घर गाठलेलं नाही, जपान आणि अमेरिकेतले डॉक्टरही याच्यावर डोकं खाजवतायत. ते थट्टेत बोलले असतील. आम्ही मात्र तो धागा धरून वाचत गेलो. जे हाती लागलं ते इथे सांगतो आहोत.

आधी या आजाराविषयी थोडं. नायटा ही बुरशी आहे. भाकरीवर किंवा ओल्या भिंतीवर येते त्याच मोठ्या कुळातली, पण हिचं खाणं वेगळं. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर, केस आणि नखं ज्या पदार्थाची बनलेली असतात त्याला केराटिन म्हणतात. ही बुरशी त्याच्यावर जगते. एका ठिकाणी रुजली की बाहेरच्या दिशेने पसरते, मधला भाग जरा निवळतो, कड मात्र उठलेली, खवलेदार राहते. म्हणून ते गोल कडं दिसतं. पुस्तकांतल्या चित्रांत हे कडं लालभडक दाखवलेलं असतं, कारण ती चित्रं बहुतेक गोऱ्या कातडीची असतात. आपल्या सावळ्या, काळ्या अंगावर ते तपकिरी, काळपट, कधी राखाडी दिसतं. "लाल नाही, म्हणजे नायटा नाही" असं समजून कित्येक जण थांबून राहतात.

ही बुरशी एका माणसाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाते. टॉवेल, चादर, एकमेकांचे कपडे हे तिचे रस्ते. घाम, ओल आणि घट्ट कपडे तिला मानवतात. एवढं पूर्वीपासून ठाऊक होतं. औषधंही होती आणि ती लागूही पडायची. दोन-तीन आठवडे मलम, नाहीतर काही दिवस गोळ्या, आणि विषय संपायचा.

साधारण २०१४-१५ पासून भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या लक्षात आलं, की काहीतरी बदललं आहे. नायट्याचे रुग्ण वाढले. एक-दोन चट्टे घेऊन येणारा माणूस आता अर्धं अंग भरून येऊ लागला. लहान मुलांना, अगदी तान्ह्या बाळांनाही होऊ लागला. चेहऱ्यावर दिसू लागला. घरातल्या एकाला झाला की सगळ्यांना. आणि टर्बिनाफिन नावाचं भरवशाचं औषध पूर्ण डोस देऊनही लागू पडेना.

हे औषध काम कसं करतं ते समजलं, तर पुढची गोष्ट सोपी होते. बुरशीच्या पेशीभोवती एक आवरण असतं. ते बांधायला तिला एक खास पदार्थ लागतो, आणि तो तयार करण्याच्या कामातला एक कारागीर म्हणजे स्क्वालीन इपॉक्सिडेज नावाचं विकर. टर्बिनाफिन या कारागिराचे हात धरून ठेवतं. आवरण बांधता येत नाही, बुरशी मरते. दिल्ली विद्यापीठाच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेतल्या डॉ. अनुराधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं, की दिल्लीतल्या रुग्णांकडून घेतलेल्या बुरशीच्या सुमारे एक तृतीयांश नमुन्यांवर टर्बिनाफिन जवळजवळ निकामी ठरतं. या बुरशीच्या जनुकात छोटासा बदल झाला होता. त्यामुळे त्या कारागिराचा आकार किंचित बदलला होता आणि औषधाला त्याचे हात धरता येत नव्हते. त्याच सुमारास चंडीगडमधूनही असेच निष्कर्ष आले.

म्हणजे पहिली हाक आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी दिली. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टी परदेशातून कळल्या तरच खऱ्या मानायची आपल्याकडे खोड आहे.

पण एकट्या दिल्लीत किंवा चंडीगडमध्ये बसून पुढचं कोडं सुटणारं नव्हतं. ही जुनीच बुरशी बिघडली आहे की नवी जात आली आहे? सगळ्या देशात एकच आहे की जागोजागी वेगळी? बुरशी डोळ्यांनी, अगदी सूक्ष्मदर्शकातूनही, फसवते. दोन वेगळ्या जाती सारख्या दिसतात आणि एकच जात दोन प्रकारे दिसते. खात्री हवी तर जनुकीय साखळी वाचावी लागते, आणि ती वाचल्यावर जगभरच्या साखळ्यांशी ताडून पाहावी लागते. वडोदऱ्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. श्याम वर्मा आणि जर्मनीत लाइपझिगजवळ प्रयोगशाळा चालवणारे डॉ. पीटर नेनॉफ यांनी हे काम एकत्र हाती घेतलं. भारतातल्या निरनिराळ्या शहरांत रुग्णांच्या त्वचेची खरवड गोळा झाली आणि जर्मनीत तपासली गेली. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दहापैकी नऊहून अधिक नमुन्यांत ट्रायकोफायटॉन मेन्टाग्रोफायटिस या गटातली बुरशी होती, आणि तिचा एक विशिष्ट प्रकार सगळीकडे सापडत होता. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या नायट्याला कारण ठरणारी ट्रायकोफायटॉन रुब्रम ही बुरशी मागे पडली होती.

दरम्यान जपानमध्ये दोन माणसं नायटा घेऊन डॉक्टरांकडे आली. एक नेपाळची, दुसरी भारतातली. दोघांवर टर्बिनाफिन चालत नव्हतं. डॉ. रुई कानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बुरशी वाढवून तपासली आणि २०२० मध्ये जाहीर केलं, की ही वेगळी जात मानायला हवी. तिचं नाव त्यांनी ठेवलं ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. इंडो म्हणजे भारत, टिनिया म्हणजे नायटा. जर्मनीत ओळखलेला प्रकार आणि जपानमध्ये बारसं झालेली जात एकच, हे नंतर साखळ्या ताडून पक्कं झालं.

या नावाबद्दल आमचं मत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये एक सूचना काढली होती, की नव्या संसर्गजन्य आजारांना देशाचं, प्रांताचं, लोकांचं नाव देऊ नये. ती सूचना आजारांच्या नावांसाठी आहे, बुरशीच्या शास्त्रीय नावाला थेट लागू होत नाही. कानो यांचा हेतू वाईट होता असंही आम्ही म्हणत नाही. पण नाव एकदा चिकटलं की ते जंतूला सोडून माणसाला चिकटतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. परदेशातल्या दवाखान्यात सावळ्या माणसाच्या अंगावर चट्टा दिसला की आधी "भारतातून आलात का" असं विचारलं जाणार. आणि हा प्रश्न चुकीच्या दिशेलाही नेऊ शकतो. त्याचं उदाहरण लगेच पुढे आलं.

२०२३ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या एका त्वचारोगतज्ज्ञाने सार्वजनिक आरोग्य अधिकाऱ्यांना कळवलं, की आपल्याकडे दोन बायका आल्या आहेत, त्यांचा नायटा टर्बिनाफिनला दाद देत नाही. दोघींच्या अंगात हीच बुरशी निघाली. त्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने हे जाहीर केलं. अमेरिकेत नोंदलेले हे पहिले रुग्ण. त्यांतली ४७ वर्षांची बाई बांगलादेशला जाऊन आली होती आणि चट्टे तिथेच उठले होते. दुसरी २८ वर्षांची, आजार सुरू झाला तेव्हा गरोदर. ती अलीकडे देशाबाहेर गेलेलीच नव्हती. म्हणजे बुरशी तिथे आधीच पोचली होती आणि शांतपणे पसरत होती. त्या बाईला बाळंतपणानंतर टर्बिनाफिन दिलं, फरक पडला नाही. मग इट्राकोनाझोल चार आठवडे दिलं, तेव्हा बरी झाली.

आता प्रश्न असा, की न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरला आपल्यासमोरचा हट्टी नायटा हा दिल्लीत ओळखलेलाच आहे, हे सुचलं कसं? इथे त्या संघटनांची गोष्ट येते, ज्यांच्याविषयी आपण सहसा काही ऐकत नाही.

जगातल्या त्वचारोगतज्ज्ञांची पहिली मोठी परिषद १८८९ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात भरली. १९३५ मध्ये बुडापेस्टच्या परिषदेत देशोदेशींच्या त्वचारोग संघटनांनी मिळून एक महासंघ काढला. इंटरनॅशनल लीग ऑफ डर्मॅटॉलॉजिकल सोसायटीज हे त्याचं नाव. बुरशीच्या अभ्यासकांची निराळी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, इशाम, १९५४ मध्ये पॅरिसलाच स्थापन झालेली. भारतातल्या त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोगतज्ज्ञांची संघटना म्हणजे आयएडीव्हीएल. ही मंडळं सरकारी नाहीत. कायदा करण्याचा, औषध बंद करण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही. त्यांच्या परिषदांत औषध कंपन्यांचे मांडव असतात हेही आम्हाला ठाऊक आहे, म्हणून आम्ही डोळे झाकून त्यांची भलामण करणार नाही. पण जे काम एका देशाचं सरकार करत नाही आणि कंपनीला ज्यात फायदा दिसत नाही, असं काही काम ही मंडळं करतात.

एक काम नोंदवहीचं. कोविड आला तेव्हा, एप्रिल २०२० मध्ये, अमेरिकेची त्वचारोग अकादमी आणि हा जागतिक महासंघ यांनी मिळून एक सामायिक नोंदवही उघडली. कोविडच्या रुग्णाच्या त्वचेवर काही वेगळं दिसलं तर जगातला कुठलाही डॉक्टर ते तिथे नोंदवू शकत होता, रुग्णाचं नाव न देता. मंकीपॉक्स आला तेव्हा तीच नोंदवही कामी आली. पुढे औषधाला न जुमानणाऱ्या नायट्यासाठीही तिच्यात पान उघडलं गेलं. एका डॉक्टरकडे वर्षातून दोन-तीनच रुग्ण येतात, त्यावरून त्याला काही ठरवता येत नाही. पन्नास शहरांतले दोन-दोन रुग्ण एका वहीत आले, की कुठलं औषध चाललं, किती आठवडे द्यावं लागलं, कोणाला परत झाला हे दिसायला लागतं. आपल्या वस्तीत घरोघरी फिरून आशाताई वहीत नोंद करते ना, तेच काम, फक्त जगाच्या नकाशावर.

दुसरं काम मोजपट्टीचं. "औषध चालत नाही" हे कसं मोजायचं? एका प्रयोगशाळेने एका पद्धतीने मोजलं, दुसरीने दुसऱ्या, तर आकडे जुळणार कसे? युरोपातल्या समितीची पद्धत वेगळी, अमेरिकेतली वेगळी. नायट्याच्या बुरशीसाठी तर बराच काळ ठरलेली मोजपट्टीच नव्हती. औषध न चालणाऱ्या बुरशीचे तेच नमुने निरनिराळ्या देशांतल्या प्रयोगशाळांत पाठवून, सगळ्यांचं उत्तर एक येतं का हे पाहत युरोपीय समितीने ती तयार केली. काम कंटाळवाणं आहे, याची बातमी होत नाही. पण याच्याशिवाय दिल्लीचा आकडा कोपनहेगनला कळत नाही.

तिसरं काम समोरासमोर बसण्याचं. बुरशीतज्ज्ञांची जागतिक परिषद सप्टेंबर २०२२ मध्ये नवी दिल्लीत भरली. त्वचारोगतज्ज्ञांची जुलै २०२३ मध्ये सिंगापूरला. अशा ठिकाणी भारतातल्या डॉक्टरने दाखवलेली छायाचित्रं न्यूयॉर्कचा डॉक्टर बघतो आणि घरी गेल्यावर त्याला आपला रुग्ण आठवतो.

आमची तक्रार वेगळीच आहे. खरवड आपल्या लोकांच्या अंगावरून निघाली. गुजरात, दिल्ली, चंडीगडच्या बाह्यरुग्ण विभागांत रांग लावणारी माणसं कोण असतात, ते सांगायला नको. त्यातून निघालेलं ज्ञान इंग्रजीत, आणि त्यातलं बरंचसं पैसे मोजल्यावरच वाचता येईल अशा नियतकालिकांत छापलं गेलं. न्यूयॉर्कच्या डॉक्टरपर्यंत ते पोचलं. नाक्यावरच्या मेडिकलपर्यंत नाही आलं. आमच्या कपाटावरच्या ट्यूबपर्यंत तर नाहीच.

म्हणून आता त्या ट्यूबकडे येऊ. तिच्यात एक औषध नव्हतं, चार होती. एक बुरशीवरचं, दोन जंतूंवरची आणि एक स्टेरॉइड. चार दिवसांत खाज थांबली ती या स्टेरॉइडमुळे. शरीर बुरशीशी लढतं तेव्हा खाज, सूज, लाली येते. स्टेरॉइड त्या लढाईलाच गप्प करतं. आपल्याला वाटतं बरं झालं, आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. ती खोल जाते, पसरते, गोल कडं मोडतं, मग अनुभवी डॉक्टरलाही ओळखायला वेळ लागतो. कातडी पातळ होते. जांघ-काखेसारख्या नाजूक जागी चिरा पडतात, त्या कायमच्या. चेहऱ्यावर लावलं तर लाली, मुरमं, केस येतात आणि ट्यूब सोडली की आग होते, म्हणून माणूस पुन्हा ट्यूबकडे वळतो.

आयएडीव्हीएलने स्टेरॉइड मलमांच्या गैरवापराविरुद्ध खास कृतिगट काढला, सरकारकडे पाठपुरावा केला. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमांना शेड्यूल एच या यादीत टाकलं. म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी असल्याशिवाय ती विकता येत नाहीत. कायदा झाला. काउंटर मात्र तसाच आहे, हे आपण सगळे बघतो. याच संघटनेच्या तज्ज्ञांनी हट्टी नायट्यावर कसे उपचार करावेत याचं एकमताने ठरलेलं मार्गदर्शन २०२० मध्ये काढलं. त्यातली ठाम सूचना अशी, की नायट्यावर स्टेरॉइड नको, एकटंही नको आणि मिश्रणातही नको.

ही औषधाला न जुमानणारी बुरशी स्टेरॉइडच्या ट्यूबमुळेच जन्मली का? असं सरळ म्हणता येणार नाही. अर्धवट सोडलेल्या गोळ्या, घट्ट जीन्स आणि नायलॉनचे कपडे, वाढलेला उकाडा, दाटीने राहणं, प्रवास, या सगळ्यांची नावं संशोधक घेतात. पण ट्यूबने तिला घरोघरी पसरायला मदत केली, याबद्दल भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांत फारसा मतभेद दिसत नाही.

घरात ट्यूब असेल तर आत्ता काढून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. डोळे साथ देत नसतील तर शाळेत जाणाऱ्या मुलाला वाचायला सांगा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, यांतलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. ही औषधं वाईट नाहीत. इसब, सोरायसिस अशा आजारांत डॉक्टर ती विचार करून देतात. नायट्यावर ती लावायची नाहीत. पण बरेच महिने लावत असाल तर बंद केल्यावर काही दिवस खाज भडकू शकते. घाबरून पुन्हा तीच लावू नका, डॉक्टरला ट्यूब नेऊन दाखवा. दाखवायची लाज वाटते म्हणून बरेच जण "काहीच लावलं नाही" असं सांगतात आणि डॉक्टर फसतो.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग असतो. तिथे चट्ट्याच्या कडेची थोडी खरवड काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. दुखत नाही. बुरशी आहे की नाही ते त्यात बहुधा कळतं. स्त्री डॉक्टर हवी असेल तर नोंदणीच्या वेळीच सांगा, त्यात संकोच कसला.

गोळ्या कोणत्या आणि किती दिवस, हे डॉक्टरच ठरवणार. हे पान वाचून इट्राकोनाझोल मागायला मेडिकलमध्ये जाऊ नका. हृदय कमजोर असेल, यकृताचा त्रास असेल, दुसऱ्या गोळ्या चालू असतील, तर ते औषध धोक्याचं ठरू शकतं. गरोदर असाल, दिवस राहिल्याची शंका असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर ते आधी सांगा. टर्बिनाफिन अजूनही पुष्कळ जणांवर चालतं, ते टाकाऊ झालेलं नाही. फक्त आता दोन आठवड्यांत काम होईल ही आशा सोडावी लागते. चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त. मलम चट्ट्यावरच नाही, कडेच्या बाहेर अंगठ्याच्या रुंदीएवढं लावायचं आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे लावत राहायचं. आमच्या घरात इथेच गाडी अडली होती. खाज गेली की लावायचं विसरायचो.

आणि घरातल्या सगळ्यांचे उपचार एकाच वेळी. एकाचा आज, दुसऱ्याचा पगार झाल्यावर, असं केलं तर बुरशी घरातल्या घरात फिरत राहते. खर्च होतो हे खरं आहे. म्हणूनच सरकारी दवाखाना म्हणतो आहोत, आणि जाताना सगळ्यांनी जा.

"कपडे रोज गरम पाण्यात धुवा, वेगळे वाळवा" असं मार्गदर्शनात लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याच्या घरी नळाला दिवसभर पाणी असावं. दहा बाय बाराच्या खोलीत, एक दोरी आणि दोन तास पाणी असताना काय जमतं, ते आम्ही करून पाहिलं. प्रत्येकाला वेगळा पंचा, रंग वेगळा म्हणजे चुकत नाही. आतले कपडे आणि पंचे वेगळ्या बादलीत, निदान एक तांब्या कढत पाणी त्यांच्यावर. वाळवताना आतली बाजू बाहेर, उन्हात, कठड्यावर किंवा पत्र्यावर. पावसाळ्यात ऊन नसलं तर शिवणीच्या जागी कडक इस्त्री. ओला कपडा अंगात घालायचा नाही, कामाची कितीही घाई असली तरी. कमरेचा करदोडा, मनगटातले दोरे उपचार चालू असेपर्यंत काढून ठेवा, ओल आणि बुरशी त्यांत धरून राहते, असं डॉक्टर आवर्जून सांगतात. लसूण, चुना, बॅटरीचं पाणी, रॉकेल यांतलं काहीही लावू नका. कातडी भाजते आणि नायटा तिथेच राहतो.

एक गोष्ट वेगळी काढून सांगतो. चट्टा फिकट किंवा लालसर आहे, खाज अजिबात नाही, आणि तिथे स्पर्श कमी कळतो, तर तो नायटा समजून मलम लावत बसू नका. कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. त्याचं औषध सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतं आणि वेळेवर घेतलं तर माणूस पूर्ण बरा होतो.

मे २०२५ मध्ये जिनिव्हात जागतिक आरोग्य सभेने त्वचेचे आजार हा जगाच्या सार्वजनिक आरोग्याचा प्राधान्याचा विषय आहे, असा ठराव मंजूर केला. त्वचारोगतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाने त्यासाठी बराच जोर लावला होता. खाजेने कुणी मरत नाही, म्हणून हा विषय आजवर कागदाच्या तळाशी राहायचा. पण रात्रभर खाजवणारा माणूस सकाळी कामावर नीट उभा राहू शकत नाही, मुलीला शाळेत शेजारी कुणी बसू देत नाही, सोयरीक जमताना चट्टे लपवावे लागतात, हे मरणाच्या आकड्यात दिसत नसलं तरी आपल्याला दिसतं. ठरावाचं आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात काय होतं, तिथे त्वचेचा डॉक्टर आठवड्यातले किती दिवस बसतो, बुरशीच्या गोळ्या पूर्ण आठवड्यांच्या मिळतात की पाचच दिवसांच्या हातावर ठेवतात, हे आम्ही विचारणार आहोत आणि उत्तर मिळेल ते याच पानावर छापू.

आमच्या घरातले पाचही जण आता बरे आहेत. सात आठवडे लागले. एकाला मध्ये पुन्हा झाला, तेव्हा परत सगळ्यांचे पंचे उकळले. कपाटावरची ट्यूब आम्ही फेकलेली नाही. पुढच्या रविवारी विहारात आरोग्याची बैठक आहे, तिथे ती घेऊन येतोय. तुमच्या घरात असेल ती तुम्हीही आणा. नावं मिळून वाचू.